धरणाखालच्या नदीतला ट्राउट: वेस्ट ब्रँच डेलावेअरचं वर्षभराचं गणित

प्रश्न असा आला आहे: 'एडिसनला राहतो. लहानपणी कोकणात खाडीवर गळ टाकलेला आहे, इथे तळ्यांवर आमिष लावून मासे पकडतो. आता फ्लाय रॉड, म्हणजे पिसं-धाग्याच्या बनावट किड्याने (फ्लायने) मासे पकडायची काठी, घेतली आहे. अडीच-तीन तासांवर न्यू यॉर्क राज्यात हॅन्कॉकच्या वरच्या बाजूला वेस्ट ब्रँच डेलावेअर ही नदी आहे, तिथे मे महिन्यात नदीवर किड्यांचे थवे असतात असं वाचून गेलो, तर पाणी कमरेच्या वर आणि बर्फासारखं गार. दिवसभरात एकही मासा वर आला नाही. माझा मित्र मात्र जुलैत, भर दुपारी, त्याच नदीवर मासे पकडून आला. वर्षात नेमकं कधी जावं आणि काय बघून जावं?'

तुमचा मे आणि तुमच्या मित्राचा जुलै, दोन्हींचं उत्तर कॅनन्सव्हिल धरणात आहे. ही नदी फक्त पावसावर आणि ऋतूवर चालत नाही. धरणातून किती पाणी सोडलं आणि ते जलाशयाच्या कोणत्या थरातून आलं, यावर ती चालते. म्हणून मी कॅलेंडर नंतर बघतो. विसर्ग आणि तापमान आधी. पुण्या-कोल्हापूरकडच्या माणसाला क्युसेक समजावून सांगायला नको. खडकवासल्यातून मुठेत, राधानगरीतून भोगावतीत किती क्युसेक सोडले हे ऐकतच आपण मोठे झालो. इथे ज्याला सीएफएस म्हणतात तो हाच क्युसेक: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर पाणी.

आता हे धरण. न्यू यॉर्क शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून डेलावेअरच्या डोक्यावर तीन जलाशय बांधले गेले: नेव्हरसिंक, ईस्ट ब्रँचवरचा पेपॅक्टन आणि शेवटी १९६४ मध्ये वापरात आलेला वेस्ट ब्रँचवरचा कॅनन्सव्हिल. कॅनन्सव्हिलसाठी बीअर्सटन, ग्रँटन, रॉक रिफ्ट, रॉक रॉयल आणि खुद्द कॅनन्सव्हिल ही गावं उठवली. मुळशी आणि कोयनेची माणसं आपल्यात आहेत, त्यांना यामागचं दुःख वेगळं सांगायला नको. नदीवर उभं राहताना ही गावं मला आठवतात, आणि आठवावीत असं मला मनापासून वाटतं. कारण आज आपण ज्या गार पाण्याचा आनंद घेतो ते त्या धरणातूनच येतं. धरणाआधी हॅन्कॉकच्या खालची डेलावेअर उन्हाळ्यात इतकी तापायची की ती मुख्यतः स्मॉलमाउथ बास या कोमट पाण्यात तगणाऱ्या माशाची नदी होती.

गारवा येतो कुठून, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. उन्हाळ्यात जलाशयाचा वरचा थर तापतो, हलका होतो आणि वरच राहतो. हिवाळ्यातलं गार, जड पाणी तळाशी बसून राहतं. नदीत सोडायचं पाणी धरणाच्या तळाकडच्या दारांतून निघतं. त्यामुळे हॅन्कॉकच्या रस्त्यावर ३२ अंशांचं ऊन असतानाही धरणाच्या पायथ्याशी नदी ७-८ अंशांवर असू शकते. हिवाळ्यात हेच उलटं होतं. जलाशयावर बर्फ धरलेला असतो, पण तळाचं पाणी त्याहून थोडं उबदार असल्याने धरणाखालचा पट्टा सहसा गोठत नाही. महाराष्ट्रातल्या धरणांखाली असं का होत नाही, हेही यातूनच कळतं. आपल्याकडे हिवाळाच इतका कडक नसतो की जलाशयाच्या तळाशी असं गार पाणी साठावं. म्हणून ट्राउट, हा गार पाण्यातला मासा, भारतात काश्मीर, कुलू, निलगिरी अशा उंच, थंड भागांतच राहिला.

सांडव्यावरून पडणारं पाणी मात्र वरच्या थराचं असतं. वसंतात जलाशय भरून सांडवा वाहत असेल तर नदीत वरचं आणि तळाचं असं मिश्र पाणी येतं. एप्रिलच्या सुरुवातीला वरचं पाणीही थंडच असतं, पण मेमध्ये ते कोमट होऊ लागतं आणि नदी जागी होते. सांडवा बंद झाला आणि फक्त तळाचं पाणी उरलं की नदी एकदम गार पडते. मे म्हणजे किडे, हे गणित धरणाजवळ असं मोडतं. तुम्ही गेलात त्या दिवशी नक्की काय झालं ते तारखेशिवाय सांगता येणार नाही. पण कमरेवर पाणी आणि बर्फासारखं गार, या दोन खुणांवरून तुम्ही मोठ्या विसर्गात धरणाच्या फार जवळ उभे होतात असं दिसतं. त्याच दिवशी दहा-बारा मैल खाली बहुधा वेगळं चित्र दिसलं असतं.

धरणापासून हॅन्कॉकपर्यंत वेस्ट ब्रँच साधारण १८ मैल वाहते. धरणाखाली लगेच स्टाइल्सव्हिल, मग डिपॉझिट गाव, पुढे हेल एडी, बॉल्स एडी आणि हॅन्कॉक. तिथे ईस्ट ब्रँच येऊन मिळते आणि खालची मुख्य डेलावेअर बकिंगहॅम, लॉर्डव्हिल करत कॅलिकूनकडे जाते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, म्हणजे यूएसजीएसची मापनकेंद्रं स्टाइल्सव्हिल, हेल एडी आणि लॉर्डव्हिलला आहेत; विसर्ग आणि तापमान दोन्ही जवळजवळ ताज्या आकड्यांत मिळतं. निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी निघताना हे तिन्ही आकडे बघायची सवय लावा. स्टाइल्सव्हिल सांगतं धरणातून काय येतंय, हेल एडी सांगतं ओढे मिळून आणि ऊन लागून त्याचं काय झालं, आणि लॉर्डव्हिल सांगतं की मुख्य नदीत माशांना त्रास न देता मासेमारी करता येईल का.

आकडे कसे वाचायचे? स्टाइल्सव्हिलला ३०० ते ६०० क्युसेक असेल तर पाण्यात उतरून मासेमारी करणाऱ्याला ही नदी उत्तम. ७००-८०० ला ओलांडायच्या जागा निवडक उरतात. १००० च्या वर मी नवख्या माणसाला काठ सोडू देत नाही. १५०० च्या आसपास, म्हणजे तळाच्या दारांच्या कमाल विसर्गाला, ही बोटीची नदी होते. तुमची पहिली सहल अशा आठवड्यात आली तर वाटाड्या आणि ड्रिफ्ट बोट, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारी वल्ह्यांची बोट, घ्या. एका दिवसात नदीची ओळख होईल. वीजनिर्मितीच्या धरणांखाली, उदाहरणार्थ आर्कन्सातल्या बुल शोल्स धरणाखालच्या व्हाइट रिव्हरवर, जनित्रं सुरू झाली की थोड्याच वेळात पाणी चढतं. कॅनन्सव्हिलचा विसर्ग सहसा तसा दिवसातून अनेकदा वरखाली होत नाही. तरीही एक खूण कायम ठेवा: उतरताना काठाजवळचा एखादा अर्धा ओला दगड हेरा आणि अधूनमधून त्याच्याकडे बघा. दगड बुडू लागला तर आधी बाहेर या, मासा नंतर.

आता तुमच्या मित्राचा जुलै. या नदीचं सर्वांत विलक्षण अंग तेच आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

डेलावेअरच्या पाण्यावर न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर ही चार राज्यं आणि न्यू यॉर्क शहर यांचा हक्क आहे. कृष्णा-कावेरीचे तंटे आपण पाहिलेत, तसाच हाही तंटा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४ च्या निवाड्याने शहराला दिवसाला ८० कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलायची मुभा दिली आणि बदल्यात अट घातली: न्यू जर्सीतल्या माँटेग्यूपाशी नदीत १७५० क्युसेक पाणी राहिलं पाहिजे. यावर लक्ष ठेवायला यूएसजीएसचा एक अधिकारी असतो, त्याला रिव्हर मास्टर म्हणतात. खालच्या उपनद्यांतून पुरेसं पाणी येणार नसेल तर तो शहराला वरच्या जलाशयांतून सोडायला सांगतो. हे जादा पाणी बहुतेक वेळा कॅनन्सव्हिलमधूनच निघतं, कारण पेपॅक्टन आणि नेव्हरसिंकचं पाणी पिण्यासाठी अधिक चांगलं, ते शहर राखून ठेवतं.

याचा अर्थ लक्षात घ्या. पाऊस नसलेला, कोरडा, कडक जुलै असतो तेव्हा बाकीच्या नद्या आटतात, तापतात आणि ट्राउट तिथे जीव मुठीत धरून असतो. आणि नेमकं तेव्हाच वेस्ट ब्रँच गार पाण्याने भरून वाहते. उलट खाली बीव्हरकिल किंवा लॅकावॅक्सन या उपनद्यांवर जोराचा पाऊस पडला की माँटेग्यूची गरज त्या पाण्यातून भागते, कॅनन्सव्हिलचा विसर्ग कमी होतो आणि पावसानंतर वेस्ट ब्रँच उतरते. धरणाचं पाणी माँटेग्यूला पोचायला दोनेक दिवस लागतात, त्यामुळे हा सगळा हिशेब हवामानाच्या अंदाजावर चालतो. अंदाज चुकला की विसर्ग दोन दिवसांत बराच हलतो. म्हणून गुरुवारी पाहिलेल्या आकड्यावर शनिवारी विसंबू नका.

पूर्वी माँटेग्यूची गरज संपली की दारं जवळजवळ मिटायची आणि मासे उघडे पडायचे. मच्छीमारांनी आरडाओरडा केला, न्यू यॉर्क राज्याने १९७६ साली जलाशयांतून पाणी सोडण्याबाबत कायदा केला, आणि पुढे २००७ पासून चारही राज्यं आणि शहर यांनी मिळून ठरवलेली लवचीक विसर्ग योजना आली. आज नदीत वर्षभर काहीतरी किमान पाणी असतं, ते या लोकांच्या चिकाटीमुळे. त्यांचे आपण ऋणी आहोत.

या गार पाण्याचा किड्यांवर काय परिणाम होतो ते बघा. मेफ्लाय या नाजूक पंखांच्या किड्याची पिल्लं पाण्याखाली दगडांत वाढतात, ठराविक उबेला पृष्ठभागावर येतात, पंख फुटून उडतात. यालाच हॅच म्हणतात. सल्फर नावाची पिवळसर, किंचित नारिंगी झाक असलेली छोटी मेफ्लाय इतर नद्यांवर मे-जूनमध्ये संध्याकाळी काही आठवडे निघते आणि संपते. वेस्ट ब्रँचच्या वरच्या भागात, डिपॉझिटच्या आसपास, पाणी गार असल्यामुळे ती जूनपासून ऑगस्टपर्यंत निघत राहते, आणि संध्याकाळी नाही तर दुपारी, पाणी जेमतेम तापलेलं असतं तेव्हा. तुमच्या मित्राला भर दुपारी मासे मिळाले ते यामुळे. संध्याकाळी याच पट्ट्यात दमट हवा गार पाण्यावर येऊन दाट धुकं उतरतं. हवा गारठली की अंडी घालायला परतणारे किडे येत नाहीत आणि मासे खाली जातात. जुलैत मी दुपारी बारा ते पाच नदीवर असतो आणि धुकं दिसलं की दोरी गुंडाळतो.

सल्फरसाठी १६ आणि १८ नंबरच्या फ्लाय ठेवा. (नंबर जितका मोठा तितका गळ लहान.) पूर्ण उमललेल्या किड्याची नक्कल एक-दोन पुरेत, अर्धवट उमललेल्या, कातीत अडकलेल्या किड्याच्या नकला जास्त घ्या. गार पाण्यात किड्याला पंख वाळवून उडायला वेळ लागतो, तो बरंच अंतर पृष्ठभागाला चिकटून वाहतो आणि ट्राउट नेमका तोच वेचतो. कॉम्पाराडन ही फ्लाय इथे फार चालते. अल कॉची आणि बॉब नास्तासी यांनी १९७० च्या दशकात ती लोकप्रिय केली. तिला खालून पिसांचा गुंडाळा नसतो, त्यामुळे तिचं अंग पाण्यात टेकून राहतं आणि खालून बघणाऱ्या माशाला ती खऱ्या किड्यासारखी दिसते. मासा कसा वर येतो ते पाहून फ्लाय ठरवा. नाक दिसलं आणि मागे बुडबुडा राहिला तर तो पृष्ठभागावरचा किडा खातोय. नुसती पाठ आणि शेपूट दिसली तर तो पृष्ठभागाच्या किंचित खाली टिपतोय.

पण वेस्ट ब्रँचवर फ्लायपेक्षा ती कशी वाहते हे जास्त महत्त्वाचं. इथलं पाणी सपाट, काचेसारखं आणि मासे नदीतच जन्मलेले, सावध. खाडीत गळाला शिसं लावून आपण फेकतो तेव्हा शिसं दोरी ओढून नेतं. इथे उलट, जड दोरी बिनवजनाच्या फ्लायला नेते. ती जड दोरी वेगवान धारेवर पडली की फ्लायला ओढायला लागते, फ्लाय पाण्यावर रेघ काढते आणि मासा तोंड फिरवतो. याला ड्रॅग म्हणतात. उपाय असा: माशाच्या वरच्या अंगाला, थोडं आडवं उभं राहा, दोरी फेकताना हवेतच रॉड प्रवाहाच्या वरच्या दिशेला झुकवा म्हणजे दोरी वर पडेल आणि फ्लाय खाली, मग हळूहळू सैल दोरी सोडत जा. माशाला आधी फ्लाय दिसली पाहिजे, धागा नंतर. ९ फुटी, ५ नंबरचा रॉड, १२ फूट किंवा जास्त लांब लीडर (जड दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा पारदर्शक धागा) आणि त्याच्या टोकाला ५एक्स किंवा ६एक्स धागा. हा धागा मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका जाड असतो, त्यामुळे मासा लागल्यावर झटका देऊ नका. रॉड उचला, बस. आणि एका माशावर टिकून राहा. इथे नदीभर फिरत चाळीस जागी दोरी टाकण्यापेक्षा खाणारा एक मासा निवडून त्याच्यापुढे तासभर नीट काम केलं तर हाती जास्त लागतं.

आता वसंत. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, म्हणजे एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत, हेंड्रिक्सन ही मेफ्लाय निघते. अंग गुलाबीसर तपकिरी, पंख करडे, १२ ते १४ नंबर. पाणी १० अंशांच्या, म्हणजे ५० फॅरनहाइटच्या पुढे सरकलं की दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ती येते आणि हिवाळाभर उपाशी असलेले मोठे ब्राउन ट्राउट वर बघू लागतात. ती आधी खाली निघते, जिथे ओढ्यांनी पाणी उबदार झालंय, आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांत धरणाच्या दिशेने वर सरकते. म्हणून एप्रिल अखेरीस मुख्य नदीवर किंवा हॅन्कॉकच्या जवळ सुरुवात करा, मग बॉल्स एडी, मग हेल एडी, आणि डिपॉझिट सर्वांत शेवटी. याच सुमारास अ‍ॅपल कॅडिस हा फिकट पोपटी किडा निघतो; त्याच्या वेळी मासे उसळी मारून खातात. सांडवा जोरात वाहत असेल, पाणी मातकट असेल तर कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, फ्लायचा नाद सोडा. जलाशयातले एलवाइफ नावाचे चंदेरी मासे पाण्याबरोबर खाली येतात, धडपडत वाहतात, आणि सर्वांत मोठे ब्राउन त्यांच्यावर ताव मारतात. काठाच्या संथ पाण्यात पांढरी, तीन-चार इंची स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशाची नक्कल असलेली फ्लाय, ओढा.

मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा मुख्य नदी आणि ईस्ट ब्रँचचा. ग्रीन ड्रेक आणि मार्च ब्राउन या मोठ्या मेफ्लाय, संध्याकाळी स्पिनर, म्हणजे अंडी घालून मरून पाण्यावर पसरलेल्या मेफ्लाय. या दिवसांत मुख्य नदीतले रेनबो ट्राउट इतके जोरात पळतात की रीलची अर्धी दोरी जाते. अंधार पडेपर्यंत थांबणं इथे सार्थकी लागतं.

जूनच्या उत्तरार्धात मुख्य नदी तापू लागली की वर सरका. आणि इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झालेलं मला सहन होत नाही. पाणी २० अंशांवर, म्हणजे ६८ फॅरनहाइटवर गेलं की ट्राउटची मासेमारी थांबवा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंज देऊन दमलेला मासा हातातून पोहत गेलेला दिसतो, पण थोड्या वेळाने डोहाच्या तळाशी मरतो. आपण तो सोडला या समाधानाला मग काही अर्थ उरत नाही. खिशात तापमापक ठेवा, दुपारी पुन्हा मोजा. लॉर्डव्हिल २० च्या वर असेल तर त्या दिवशी मुख्य नदी नको. डिपॉझिटला या, तिथे १० अंशांत मासे मजेत असतील. सगळेच तिथे येतात, गर्दी असते, हे खरं. दुसऱ्या माणसाच्या पाण्यात न विचारता शिरू नका, आणि बोट येत असेल तर तिला कोणत्या बाजूने जायचं ते खुणेने सांगा.

ऑगस्टच्या शेवटी एका दमट दिवशी उडत्या मुंग्या पाण्यावर पडतात. १८ नंबरची काळी-तांबूस मुंगी डबीत असू द्या. ती लागते तेव्हा तिच्याशिवाय दुसरं काही चालत नाही.

सप्टेंबर मला सर्वांत आवडतो, पण तो दरवर्षी सारखा नसतो. उन्हाळाभर तळाचं गार पाणी सोडल्यामुळे जलाशय उतरलेला असतो. कोरड्या वर्षी गार थर जवळजवळ संपतो आणि दारांतून कोमट, गढूळसर पाणी येऊ लागतं. तसं असेल तर ईस्ट ब्रँचवर डाउन्सव्हिलकडे जा; पेपॅक्टनचा साठा मोठा आणि गार पाणी जास्त टिकणारं. भरल्या पावसाच्या वर्षी मात्र रात्री गार होतात, मुख्य नदी पुन्हा उतरत्या तापमानाला येते, आणि तुम्ही खाली परत जाऊ शकता. आयसोनिकिया ही जांभळट तपकिरी मेफ्लाय खळाळत्या पाण्यात असते. १२ नंबरची मोठी फ्लाय, त्यामुळे नवख्याला दिसायला सोपी. ढगाळ, रिमझिम दिवशी ब्लू-विंग्ड ऑलिव्ह ही बारीक मेफ्लाय निघते, २० ते २४ नंबरची, डोळ्यांची परीक्षा बघणारी.

नवरात्र ते दिवाळी हा ब्राउन ट्राउटच्या विणीचा काळ. मादी शेपटीने खडी साफ करून त्यात अंडी घालते. उथळ, वाहत्या पाण्यात ताटाएवढा किंवा त्याहून मोठा, आजूबाजूच्या शेवाळी दगडांपेक्षा स्वच्छ, फिकट खडीचा पट्टा दिसला तर त्यावर पाय ठेवू नका आणि तिथल्या माशावर दोरी टाकू नका. ही अंडी हिवाळाभर खडीतच असतात. इथले मासे नदीतच जन्मलेले आहेत असं मी वर म्हटलं, ते या खडीमुळे. ऑक्टोबरच्या मध्यापासून मी वरचे उथळ पट्टे सोडतो आणि खोल डोहांतच जातो.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धरणाजवळ पाणी उघडं असतं, दुपारी चिलटं उडतात, चिलटाच्या अळीची २२ नंबरची नक्कल संथ पाण्यात तळाजवळून वाहवली तर एखादा मासा लागतो. रॉडच्या कड्यांत बर्फ साचतो. पहिल्या वर्षी जाऊ नका.

मासे खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोकणातला माणूस विचारणारच. काही पट्ट्यांत ठराविक काळात मासा ठेवायला कायद्याने परवानगी आहे, काहींत अजिबात नाही. मी इथला ट्राउट ठेवत नाही आणि तुम्हीही ठेवू नये असं सांगेन. नदीत जन्मून चार-पाच वर्षं जगलेला १८ इंची ब्राउन एकाच माणसाच्या ताटात संपायला नको. टोकाशी उलटा काटा नसलेला गळ वापरा, मासा पाण्यातच ठेवून सोडवा, धरायचाच तर हात आधी ओले करा, फोटोसाठी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वर उचलू नका.

कपड्यांत काटकसर करू नका. ८ अंशांच्या पाण्यात जुलैतही पडलात तर हातपाय पटकन बधिर होतात. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या, छातीपर्यंतच्या जलरोधक पँटचा) कमरपट्टा घट्ट, खाली लोकरीचे मोजे, रबरी तळाचे खिळे लावलेले बूट आणि हातात काठी. दगडांवर डिडिमो नावाचं, ओल्या लोकरीसारखं दिसणारं शेवाळ असतं. ते बुटांवरून एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं. घरी आल्यावर बूट-वेडर्स धुऊन पूर्ण वाळवा, आणि तोवर दुसऱ्या पाण्यात उतरू नका. परवाना न्यू यॉर्कचा काढा, वरच्या भागात तोच लागतो. हॅन्कॉकच्या वरचे शेवटचे काही मैल नदी पेनसिल्व्हेनियाची हद्द आहे आणि तिथले नियम वेगळे, ते दरवर्षी वाचून घ्या. बरेच काठ खासगी मालकीचे आहेत. राज्याच्या पिवळ्या पाट्या असतील तिथूनच उतरा.

पुढच्या वर्षासाठी दोनच सहली ठरवायच्या असतील तर पहिली मेच्या दुसऱ्या आठवड्यात, हेल एडीच्या खाली, दुपारी एक ते पाच. दुसरी जुलैच्या मध्यावर डिपॉझिटला, त्याच वेळेत. दोन्ही वेळा स्टाइल्सव्हिल ७०० च्या आत असेल तर पाण्यात उतरा, १००० च्या वर असेल तर बोट ठरवा, आणि सांडवा गढूळ वाहत असेल तर आठवडा पुढे ढकला.